"मला धारवाडला पाठवा"

आपल्या बेळगाव-निपाणीकडे कुणी जरा विचित्र वागला की "ह्याला धारवाडला पाठवा" म्हणायची पद्धत. मीही कैकदा म्हटलंय. गेल्या महिन्यात नात म्हणाली, "आजोबा, मला धारवाडला पाठवा." ती मानसशास्त्रात एम.ए. करते, इंटर्नशिप शोधत होती. एका शहरात समुपदेशन केंद्राने उलट तिच्याकडेच फी मागितली, दुसरीकडे नुसत्या फायली लावायचं काम. मग तिने धारवाडच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं. आमची मंडळी लगेच म्हणाल्या, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून!"

हे रुग्णालय 1845 सालचं. तेव्हा धारवाड, बेळगाव, पुणे, रत्नागिरी सगळा एकच मुंबई इलाखा. 1912 च्या कायद्यात दाखल करायला बऱ्याचदा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा, म्हणजे आजारी माणूस कोर्टातून जायचा. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. सीमेसाठी आपण भांडलो, पण घरात असं दुखणं निघालं की गाडी धारवाडचीच धरली.

आज पहिल्यांदाच लिहितोय. 1958 साली माझ्या आत्याला तिथं नेलं होतं. बाळंतपणानंतर ती बोलेनाशीच झाली होती. आम्हा पोरांना सांगितलं, आत्या सांगलीला गेली. दीड वर्षाने ती बरी होऊन आली. डॉक्टरांनी बरी करून पाठवली, पण आम्ही तिला शेवटपर्यंत माडीवरच्या खोलीत ठेवली. लग्नकार्यात खाली येऊ दिलं नाही, का तर आमची स्थळं मोडतील. 2017 च्या कायद्याने अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिलाय. आत्याला तो घरातसुद्धा मिळाला नाही.

नातीने विभागप्रमुखांचं पत्र जोडून अर्ज केला. इंटर्न उपचार करत नाही, हे तिनेच मला समजावलं. रुग्णाची हकिगत लिहून घ्यायची, नातेवाइकांशी बोलायचं, चाचण्या कशा घेतात ते बघायचं, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. स्वतंत्रपणे क्लिनिकल काम करायचं तर पुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. आमच्या बँकेतही प्रोबेशनवर सही करायचा अधिकार नव्हता, नुसती व्हाउचरं तपासायची.

शाळेत तिला कन्नड घ्यावं लागलं तेव्हा मीच कुरकुर केली होती. अर्जात तिने पहिल्याच ओळीत लिहिलं, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलता येतं. चार दिवसांनी होकार आला.

जायच्या आदल्या रात्री मी तिला आत्याची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आजोबा, दीड वर्षात तिला भेटायला कोण कोण जायचं?"

मला एकही नाव सांगता आलं नाही.

मंडळी, तुमच्याही घरात अशी माडीवरची खोली असेल तर लिहा. आता लपवून कुणाची स्थळं वाचवायची आहेत?