पिकाचें माप कोणी घ्यावयाचें?

शेतकऱ्याच्या विम्याची गोष्ट निघाली कीं सुशिक्षित मंडळी हप्ता किती व भरपाई किती, एवढेंच विचारतात. आमच्या मतें खरा वाद पैशाचा नसून मापाचा आहे. आणि तो ह्या देशांत पीकविम्याहून जुना आहे. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत जो सत्याग्रह झाला त्याचें मूळ आणेवारींतच होतें. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षाची साऱ्याची वसुली तहकूब व्हावी, असा सरकारचाच नियम. सरकारी अंदाज चार आण्यांच्या वर, रयतेचा खालीं. शेत तेंच, पाऊस तोच. माप मात्र दोन!

म्हैसूर संस्थानांतील जे. एस. चक्रवर्ती ह्यांनीं १९२० सालीं शेतकी विम्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, त्यांत हा तंटा मुळांतच तोडला आहे. पीक मोजूंच नये, पाऊस मोजावा. तो ठराविक मर्यादेच्या खालीं गेला कीं त्या टापूंतील विमा उतरविणाऱ्या सर्वांस रक्कम द्यावी. पर्जन्यमापक कोणाची भीड धरीत नाहीं. ही कल्पना त्या काळीं अमलांत आली नाहीं.

१९७२ सालीं गुजराथेंत 'एच-४' कापसाचा विमा निघाला, तो अगदीं उलट तत्त्वावर: एकेकाचें शेत पाहून नुकसान ठरवावयाचें. पुढें तो इतर कांहीं राज्यांतही नेला. १९७८ पर्यंत शेतकरी आले ३,११०. हप्ते जमले ४.५४ लाख रुपये, आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख! असा व्यवहार फार दिवस कोण चालवील?

ह्यावर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर ह्यांनीं १९७६ सालीं तोड सुचविली. शेत सोडा, टापू धरा. पीककापणीचे प्रयोग करून टापूची सरासरी काढावी. ती नेहमींच्या उत्पन्नाहून जितकी कमी, त्या प्रमाणांत सर्वांस सारखी भरपाई. स्वतःचें शेत हेळसांडून कोणासही लाभ नाहीं, आणि शेतोशेत पंच हिंडविण्याचा खर्चही नाहीं. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना ह्याच पायावर उभ्या राहिल्या.

युक्तिवाद निर्दोष आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ओढ्याकांठचें ज्याचें रान वाहून गेलें, त्याला माळावरील शेजाऱ्यांच्या भरल्या कणसांमुळें रिकाम्या हातीं राहावें लागतें. म्हणूनच २०१६ च्या योजनेंत गारपीट, पूर अशा स्थानिक आपत्तींसाठीं एकेक शेत पाहण्याची सोय ठेविली होती. पुढच्या दारानें घालविलेलें माप मागच्या दारानें परत आलें! महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला आणि २०२५ सालीं ती सवलत काढून घेतली. रुपयाचा बोभाटा पुष्कळ झाला. त्याच फेरबदलांत त्या वर्षीच्या खरिपापासून भरपाई केवळ पीककापणीच्या सरासरीवर आली, हें कलम आम्हांस अधिक भारी वाटतें. कारण ओढ्याकांठच्या त्या रानाकडे पाहणारें माप त्याबरोबर निघून गेलें.