रेघेचे गोत्र

जुन्या घाटाची एखादी हॉट रॉड विकत घेऊन दारात आणून उभी केली, की तिच्या नव्या धन्याला पहिल्या आठवड्यात जी खटपट सुचते ती बहुधा इंजिनाची नसते. इंजिन चालते आहे तोवर चालू द्यावे, पण गाडी चारचौघांत उठून दिसली पाहिजे, या विचाराने त्याला पछाडलेले असते. मग सल्लागार जमतात. कोणी म्हणतो, पुढचा आस आणखी दोन इंच खाली घ्या. कोणी पांढऱ्या पट्ट्याच्या टायरांची भलावण करतो. कोणी १९३९ सालच्या फोर्डचे अश्रुबिंदूच्या आकाराचे मागचे दिवे बसवावयास सांगतो, आणि त्यांच्या लाल काचेत निळ्या काचेचा एक ठिपका घातला म्हणजे रात्री त्यातून जांभळट प्रकाश कसा फाकतो, याचे रसभरित वर्णनही करतो. या सगळ्या सल्लामसलतीच्या शेवटी, आतापर्यंत गप्प बसलेला एखादा वयस्क गृहस्थ हळूच म्हणतो, ‘आणि एक रेघ मारून घ्या.’ ही रेघ म्हणजे पिनस्ट्राइप: बॉनेटच्या टोकावर किंवा मागच्या झाकणावर कुंचल्याने हाती ओढलेली, दोऱ्याएवढ्या जाडीची, वळत वळत आपल्याच प्रतिबिंबाला येऊन मिळणारी. हॉट रॉडच्या अंगावरचे इतर सगळे अलंकार एका कुळातले आणि ही रेघ मात्र निराळ्या गोत्रातली, हे ज्याला ठाऊक नाही तो आपल्या गाडीवर पैसा पुष्कळ खर्चील, पण तिचे रूप सुधारील असे मला वाटत नाही.

प्रथम त्या इतर अलंकारांची वंशावळ सांगितली पाहिजे. ती सरळ आणि तोकडी आहे. १९३२ सालच्या मार्च महिन्यात हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांचे, एकाच ओतीव ठोकळ्यातले, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत घालून बाजारात आणले. त्या वर्षीच्या उघड्या रोडस्टरची किंमत पाचशे डॉलरांच्या आत होती. आठ सिलिंडरांचे इंजिन ही तोवर धनिकांची मिरास होती. काही वर्षांत याच गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील ज्या तरुणांच्या खिशात पैसा थोडा पण हातात पाना होता, त्यांच्या हाती पडल्या. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस वाळवंटात म्युरॉक, एल मिराज, हार्पर अशी कोरडी सरोवरे आहेत. उन्हाळ्यात त्यांचा तळ सारवलेल्या अंगणासारखा सपाट आणि टणक होतो. तेथे ही मुले गाड्या नेऊन वेगाची परीक्षा घेत. १९३७ साली त्यांच्या निरनिराळ्या मंडळांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी म्युरॉक येथे तिच्या विद्यमाने रीतसर वेळ मोजून शर्यती सुरू झाल्या.

वेगाला वजन आणि वारा हे दोन वैरी. म्हणून मडगार्ड उतरले, बंपर गेले, पायऱ्या गेल्या. छपराची गाडी असेल तर तिचे खांब मधून कापून छप्पर काही इंच खाली आणले, की वाऱ्याला अडणारा पृष्ठभाग कमी होई. उघडी गाडी असेल तर तिचा सांगाडा चौकटीवर ठेवण्याऐवजी चौकटीच्या दोहो बाजूंनी खाली उतरवीत. मागची चाके मोठी, पुढची लहान. कारण मागचे चाक जितके मोठे तितके इंजिनाच्या एका फेऱ्यात अंतर अधिक कापले जाते. आज ज्याला आपण हॉट रॉडचा डौल म्हणतो, ते नाक खाली आणि पाठ वर असे हल्ल्याच्या पवित्र्यातले उभे राहणे, त्याची जननी ही एवढीच गरज आहे. बॉनेटच्या बाजूंना पाडलेल्या खाचा गरम हवा बाहेर जावी म्हणून. प्रायमरचा तो मंद, निस्तेज रंग, ज्यासाठी आजचे शौकीन मुद्दाम मोबदला मोजतात, तो तर निव्वळ दारिद्र्याचा: काम अर्धे राहिले, पैसे संपले, वरचा रंग पुढच्या उन्हाळ्यावर गेला. मडगार्ड काढल्यामुळे एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. १९३२ च्या फोर्डच्या चौकटीच्या बाजूपट्टीवर कारखान्यातच एक लांब, कमानदार उठाव दाबून काढलेला होता. मडगार्ड गेल्यावर तो उघड्यावर आला आणि त्या गाडीचे सौंदर्यस्थान ठरला. या चौकटीला आजही जी मागणी आहे ती पुष्कळ अंशी त्या उठावामुळे.

या गाड्यांना आरंभी ‘गाउ जॉब’ म्हणत. ‘हॉट रॉड’ हे नाव मागाहून रूढ झाले, आणि ते ‘हॉट रोडस्टर’ याचे संक्षिप्त रूप असावे असे पुष्कळजण मानतात. आता ‘रोडस्टर’ या शब्दाची मौज अशी की मोटारी जन्माला येण्यापूर्वी इंग्रजीत त्याचा अर्थ लांबच्या वाटचालीला उपयोगी पडणारा घोडा असा होता. घोडा गेला, त्याचे नाव गाडीला दत्तक गेले. आपली रेघही याच तबेल्यातून आलेली आहे.

चार चाकांची, झोळीसारखी टांगलेली प्रवासी गाडी युरोपात पंधराव्या शतकात हंगेरीतल्या कोच नावाच्या गावाने प्रसिद्धीस आणली आणि तिच्या नावावरून इंग्रजीत ‘कोच’ हा शब्द आला. आपल्याकडचा कोचमन त्याच गावचा दूरचा नातलग. पुढे दोनतीनशे वर्षांत या गाड्या रंगविणे हा एक स्वतंत्र, प्रतिष्ठित आणि दीर्घसूत्री धंदा होऊन बसला. लाकडावर अस्तराचे थर द्यावयाचे, ते झाव्याच्या दगडाने घासून काचेसारखे करावयाचे, मग रंग, मग रोगणाचे थर. प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहावयाची. एक उत्तम गाडी कारागिराच्या हाताखालून बाहेर पडावयास आठवड्यांमागून आठवडे लागत. या सगळ्या विधीच्या अखेरीस, शेवटच्या रोगणाच्या आत, रेघा येत. त्यांना ब्रिटनमध्ये ‘लायनिंग’ आणि अमेरिकेत ‘स्ट्रायपिंग’ म्हणत. चाकाचे जाडजूड आरे मजबुतीसाठी जाडच ठेवावे लागत; पण त्यांच्या मधोमध एक फिकट रेघ ओढली की ते डोळ्याला सडपातळ दिसत. दाराची कड, पेटीची वळणे, कमानपाट्यांची टोके यांना रेघ दिली की जड लाकडी ठोकळ्याला चेहरामोहरा येई. पाटाभोवती काढलेल्या रांगोळीने पाट मोठा होत नाही, पण तो मांडलेला वाटतो. त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड येथे ज्या प्रसिद्ध टपालगाड्या बनत, त्यांच्या दारांवर तर निसर्गचित्रेही रंगवलेली असत. त्या मानाने रेघ ही अगदीच मितभाषी.

घोडागाड्यांचे कारखानदारच पुढे मोटारींचे कारखानदार झाले. साउथ बेंडचे स्टुडबेकर बंधू मुळात बैलघोड्यांच्या गाड्या बनवणारे. डेट्रॉइटमध्ये १९०८ साली मोटारींचे सांगाडे बनवू लागलेले फिशर बंधूही घोडागाड्या बनवण्याच्या धंद्यातल्याच घराण्यातले. साहजिकच कुंचला धरणारे हातही त्यांच्याबरोबर नव्या दाराने आत आले आणि आरंभीच्या मोटारींवर रेघा चालू राहिल्या. या वतनावर पहिला घाला घातला तो घाईने. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डने आपली मॉडेल टी काळ्याखेरीज दुसऱ्या रंगात दिली नाही, आणि सरकत्या साखळीवर जुळणाऱ्या त्या काळ्या गाडीपाशी कुंचला घेऊन श्वास रोखून उभे राहावयास कोणाला सवड नव्हती. १९२०-३० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको हा झटपट वाळणारा रंग आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. तेव्हा रंग परत आले, आणि त्यांच्या मागोमाग रेघही परत आली. फोर्डच्या मॉडेल ए वर ती होती, १९३२ च्या गाडीवरही होती. पण घाईपेक्षा मोठा शत्रू निघाला तो क्रोम. पुढच्या पंधरावीस वर्षांत गाडीच्या कुशीवरून चकचकीत धातूच्या पट्ट्या धावू लागल्या, नाकावर मुद्रा आणि मूर्ती चढल्या, आणि रेघेचे जे काम होते ते या पट्ट्यांनी बळकावले.

येथे हॉट रॉडवाल्यांनी, स्वतःच्या नकळत, रेघेचा हक्क तिला परत मिळवून दिला. कारखान्याने लावलेले जे जे म्हणून काढता येईल ते काढावयाचे हे त्यांचे व्रत. त्यात क्रोमच्या मुद्राही निघाल्या. मुद्रा निघाली की पत्र्यात भोके राहतात. ती शिसे वितळवून भरावयाची आणि वरून चाकाने घासावयाची. हे काम निष्णात हाताने झाले तर पत्रा आरशासारखा होतो. एरवी जरा तिरप्या उन्हात पाहिले की घासल्याचे व्रण दिसतात. अशा व्रणांवरून दोन्ही बाजूंस समान अशी एखादी वेलबुट्टी काढली की पाहणाऱ्याची दृष्टी रेघेवर जाते आणि व्रण चुकतो. १९५०-६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात रेघेला जो नवा बहर आला त्याच्या मुळाशी हे झाकपाकीचे कारण होते, असे त्या धंद्यातले जुने लोक सांगत आले आहेत. आणि क्रोमने जिला हुसकले ती क्रोमच्याच जखमेवर येऊन बसली, या न्यायाचे मला फार समाधान वाटते.

या बहराचा नायक केनेथ हॉवर्ड. १९२९ साली लॉस एंजेलिस येथे जन्मलेला हा मनुष्य पाट्या रंगविणाऱ्या बापाचा मुलगा; जग त्याला ‘व्हॉन डच’ या नावाने ओळखते. त्याच्यापूर्वी रेघ ओढणारे नव्हते असे नाही. ओकलंड येथे ‘टॉमी द ग्रीक’ या नावाने प्रसिद्ध असलेले कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम करीत होते, आणि त्यांच्या टपोऱ्या थेंबांच्या शैलीची ओळख जाणकारांना लांबून पटे. पण जुनी रेघ वस्तूच्या आकाराची आज्ञा पाळी. जेथे कड तेथे रेघ. व्हॉन डचने तिला आकाराच्या चाकरीतून मोकळे केले. ती आता मोकळ्या पत्र्यावर मनाला येईल तशी वळू लागली, गुंतू लागली, तिच्यात चेहरे दिसू लागले. त्याच्या कीर्तीच्या काळात गाडीवर रेघा काढून घेण्याला ‘डच करून घेणे’ असेच म्हणत. त्याचा रिवाज असा सांगतात की गिऱ्हाइकाने नक्षी सांगावयाची नाही. किती वेळ विकत घ्यावयाचा तेवढे बोलावे, त्या वेळात काय काढावयाचे ते कारागिराने ठरवावे. आमच्याकडे लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून मांडवाच्या झालरीपर्यंत प्रत्येक गोष्टीत दहा जणांचे मत घेण्याची वहिवाट असल्यामुळे हा करार आपल्याला उद्धट वाटेल. परंतु रेघेच्या बाबतीत दुसरा करार संभवतच नाही असे माझे मत आहे.

कारण ती ओढतात कशी ते पाहा. कुंचला खारीच्या केसांचा, आखूड मुठीचा आणि तलवारीच्या पात्यासारखा एका बाजूस निमुळता होत गेलेला. केस लांब, म्हणजे एका बुडवणीत रंग पुष्कळ मावतो. रंग जाड, तकतकीत, पाट्या रंगविण्याचा. कुंचला रंगात भिजवून गुळगुळीत कागदावर मागेपुढे फिरवीत राहावयाचा, म्हणजे रंग केसांत सारखा मुरतो. मग करंगळी पत्र्यावर टेकवून तिच्या आधाराने हात सरकवावयाचा. केस पत्र्यावर जितके दाबाल तितकी रेघ जाड, जितके उचलाल तितकी बारीक. वळणावर कुंचला दोन बोटांत फिरवावा लागतो, नाहीतर रेघ फाटते. मध्यरेषा खडूने आखून घेतलेली असते. डावीकडे एक वळण काढले की लगेच उजवीकडे त्याचा जोडीदार, असे आळीपाळीने. ओली रेघ टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसता येते, वाळलेली येत नाही. मनगटाची ही क्रिया चालू असताना शेजारी उभे राहून ‘थोडे इकडे घ्या’ म्हणणाऱ्या धन्याला कोणी गॅरेजच्या बाहेर घालवले तर मी त्याचे समर्थन करीन.

हे कौशल्य आपल्या देशातही अगदीच परके नाही. चेन्नईस बनणाऱ्या रॉयल एनफील्डच्या बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेघा कारखान्यातले कारागीर पिढ्यानुपिढ्या कुंचल्याने हाती ओढत आले, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांना हॉट रॉडशी कर्तव्य नाही, पण गोत्र तेच.

तेव्हा नव्या धन्याला माझे सांगणे इतकेच की रूप सुधारण्याच्या कामात क्रम चुकवू नये. आधी गाडीचे उभे राहणे सुधारावे: आस, कमानपाट्या, टायरांची लहानमोठी जोडी. मग काय काढून टाकता येईल ते पाहावे. रेघ सर्वांत शेवटी, आणि थोडी. चार ठिकाणी नक्षी काढलेली गाडी वरातीतल्या घोड्यासारखी दिसते. मात्र त्याही आधी एक काम करावे. गाडी खरोखरीच जुनी असेल, आणि तिच्यावर चारदा रंग चढला असेल, तर पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी दुपारच्या तिरप्या उन्हात तिच्या मागच्या झाकणाची आतली बाजू, डॅशबोर्डाची कड आणि बॉनेटचे टोक डोळा लावून तपासावे. एखादी अंधुक रेघ, आणि तिच्या बुडाशी बारीक अक्षरात कोणाची सही, तेथे कदाचित अजून असेल. असली, तर तेवढी वीतभर जागा घासू नका.