कुलूप एक, आजार दोन

मंडळी, डोपामिन हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. चॉकलेट खाल्लं की डोपामिन, मोबाईल वाजला की डोपामिन. पण डोपामिन मेंदूत ज्या कुलपात बसतं, त्या कुलपाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हणून आज ती.

एक पेशी डोपामिन सोडते, दुसऱ्या पेशीच्या आवरणावरचं एक प्रथिन ते पकडतं आणि निरोप आत पोचतो. हे प्रथिन म्हणजे रिसेप्टर. त्याचे पाच प्रकार आहेत, आपली गोष्ट डी-२ ची. गंमत म्हणजे हे कुलूप अडवणारी औषधं आधी आली, कुलूप मागाहून सापडलं!

१९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन दिलं. वर्षानुवर्षं भास होणारी माणसं शांत झाली. पण काहींचे हात थरथरू लागले, चाल आखडली. हुबेहूब कंपवात, म्हणजे पार्किन्सन. असं का, ते कुणालाच कळेना.

धागा सापडला तो आपल्याकडच्या एका झुडपामुळे. सर्पगंधा! १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांचा रक्तदाबावरचा लेख ब्रिटिश नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसनने १९५७ मध्ये रेसरपिन दिलेल्या, निपचित पडलेल्या प्राण्यांना एल-डोपा टोचलं, आणि ते पुन्हा हालू लागले. रेसरपिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता. १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकिविक्झ यांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत तीच कमतरता दिसली. १९६३ मध्ये कार्लसननेच सुचवलं की क्लोरप्रोमाझिन साठा रिकामा करत नाही, रिसेप्टरच अडवतं.

पुरावा यायला आणखी बारा वर्षं लागली. १९७५ मध्ये टोरोंटोत फिलिप सीमन यांनी किरणोत्सारी हॅलोपेरिडॉल वापरून ते कुलूप दाखवलं. जे औषध कुलपाला जास्त घट्ट चिकटतं, ते रुग्णाला कमी मात्रेत पुरतं, असा सरळ हिशेब निघाला. डी-२ चं जनुक हाती आलं ते १९८८ मध्ये.

हे सगळं मी वाचत बसलो ते आमच्या मामामुळे. नातेवाईकांना तो आठवत असेलच. गोळ्या सुरू झाल्यावर त्याला ऐकू येणारे आवाज थांबले, पण चेहरा दगडासारखा झाला, चहाची बशी हातात थरथरायची. कुणी म्हणायचं आजार वाढला, कुणी म्हणायचं नाटक करतो. आजी मात्र रोज गोळी मोजून द्यायची, कारण बंद केली की आवाज परत यायचे.

तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं, पण उत्तर त्या कुलपातच होतं. भास-भ्रमाशी संबंध असलेल्या भागात डी-२ आहे, आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागातही आहे. गोळीला पत्ता कळत नाही, ती दोन्हीकडे जाऊन बसते. उलट पार्किन्सनवर एल-डोपा जास्त झालं, तर त्या रुग्णांना भास होऊ शकतात. तराजूची दोन पारडी!

पुढे स्टॉकहोममध्ये लार्स फार्डे यांनी जिवंत माणसाच्या मेंदूची छायाचित्रं घेऊन हे मोजलं. ढोबळमानाने, साधारण ६५ टक्के डी-२ अडले की बऱ्याच जणांना गुण येतो, ८० टक्क्यांच्या आसपास गेले की शरीर आखडण्याचा धोका वाढतो. म्हणजे वाट आहे, पण अरुंद. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियावर डी-२ ला हातही न लावणारं पहिलं औषध मंजूर झालं. वाट रुंद होतेय.

असो. सांगायचं ते इतकंच. घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल आणि हात कापू लागले, चाल जड झाली, तर त्याला नाटकी म्हणू नका. आणि आपल्या मनाने गोळ्याही थांबवू नका. डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. त्या माणसाने आधीच खूप सोसलेलं असतं, त्यात आपल्या शंकेची भर नको.