कैद्याचे विमान आणि यजमान देशाची संमती

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून निघालेला कोपर्निकस मार्ग इंडिया गेटपाशी संपतो. या रस्त्यावर जुने महाराष्ट्र सदन आहे आणि इंडिया गेटकडच्या टोकाजवळ पतियाळा हाऊस न्यायालय. १० एप्रिल २०२५ रोजी संध्याकाळी अमेरिकेहून आलेले विशेष विमान पालमला उतरले आणि त्याच रात्री २६/११ च्या मुंबई हल्ल्यातील आरोपी तहव्वूर राणा याला या न्यायालयात उभे केले गेले. न्यायालयाने त्याला १८ दिवसांची एनआयए कोठडी दिली.

त्याआधी दोन महिने, ५ फेब्रुवारीला, अमेरिकी हवाई दलाचे सी-१७ विमान अमृतसरला उतरले होते. त्यात १०४ भारतीय होते. हरियाणा आणि गुजरातचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३० आणि महाराष्ट्राचे ३. ही हद्दपारी होती, तर राणाचे प्रत्यार्पण. या दोन शब्दांत विद्यार्थी नेहमी गल्लत करतात. प्रत्यार्पणात एक देश आरोपी मागतो आणि दुसरा न्यायालयीन छाननीनंतर तो देतो. हद्दपारीत एक देश परक्या माणसाला बाहेर काढतो, आणि त्या माणसाने आपल्या देशात कोणताही गुन्हा केलेला नसू शकतो. विमान मात्र दोन्हीकडे लागते, आणि ते कुठेतरी उतरावेच लागते.

उतरण्याचा हा प्रश्न विमानाहून जुना आहे. नाशिकच्या जॅक्सन खून प्रकरणाशी जोडलेल्या खटल्यासाठी विनायक दामोदर सावरकर यांना १ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीने इंग्लंडहून हिंदुस्थानकडे पाठवण्यात आले. बोट मार्सेलिस बंदरात थांबली. ८ जुलैच्या सकाळी त्यांनी पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली आणि ते किनाऱ्याला लागले. ती भूमी फ्रान्सची होती. तरीही एका फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना पकडून ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली केले. उडीची कथा महाराष्ट्रात शाळेतच ऐकायला मिळते. पुढचा खटला फारसा कोणी सांगत नाही. फ्रान्सने कैदी परत मागितला, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला. लंडन आणि पॅरिसच्या पोलिसांत या प्रवासाबद्दल आधीच पत्रव्यवहार झाला होता. फ्रेंच पोलिसाकडून अनियमितता घडली हे लवादाने मान्य केले, पण कैदी परत देण्याची सक्ती ब्रिटनवर होत नाही, असे ठरवले. बंदरात बोट थांबते तेव्हा यजमान देशाने आधी काय मान्य केले आहे, यावर कैद्याचे भवितव्य ठरते, हा या निवाड्याचा व्यावहारिक अर्थ मी घेतो.

विमानाने वाटेतली बंदरे गाळली. पण संमतीची गरज संपली नाही. १९४४ च्या शिकागो कराराचे तिसरे कलम सांगते की लष्कर, सीमाशुल्क किंवा पोलीस यांच्या कामातले ‘शासकीय विमान’ दुसऱ्या देशाच्या परवानगीशिवाय त्यावरून उडू शकत नाही, तिथे उतरूही शकत नाही. म्हणजे सी-१७ अमृतसरला आले ते भारताच्या होकारानेच. होकारासोबत अटी घालता येतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. पोर्तुगालने अबू सालेमला ११ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईला येऊ दिले ते फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक कैद नाही, या हमीवर. ही हमी केंद्र सरकारने पाळलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.

मग बेड्यांचे काय? टेक्सासमधील सॅन अँटोनिओहून अमृतसरपर्यंत सुमारे १३ हजार किलोमीटर. एवढ्या प्रवासात हातपाय बांधलेले होते, असे परतलेल्यांनी सांगितले. ६ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले : अमेरिकी यंत्रणेची २०१२ पासूनची कार्यपद्धती अशी बंधने घालू देते, मात्र स्त्रिया आणि मुलांना बांधत नाहीत, असे तिने कळवले आहे. पाठवणी नवीन नाही हे दाखवणारे आकडेही त्यांनी दिले. २००९ मध्ये ७३४, तर २०१९ मध्ये २,०४२.

आकडे बरोबर आहेत, पण प्रश्न संख्येचा नव्हता. तिहारमधील एका कच्च्या कैद्याने तुरुंगातून न्यायालयात नेताना बेड्या घालतात, अशी तार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना केली होती. प्रेम शंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९८०) या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला : सरसकट बेड्या घालणे अमानुष आहे, दुसरा मार्ग नसेल तरच, कारण लेखी नोंदवून आणि न्यायालयाला कळवून त्या घालाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमाने पोलिसांना थोडी जास्त मोकळीक दिली आहे, तीही सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, दहशतवादी कृत्ये अशा गंभीर प्रकरणांपुरती. कागदपत्रांशिवाय परदेशात राहणे त्या यादीत नाही.

आपला कायदा परक्या विमानात चालत नाही, हे खरे. पण उतरण्याची परवानगी आपण देतो आणि बेड्यांची अट त्याच वेळी घालता येते. तशी अट घातली होती का, हे मंत्र्यांना विचारायला हवे होते, असे मला वाटते. विरोधी खासदारांनी त्या दिवशी संसदेच्या आवारात हातात बेड्या घालून निदर्शने केली. १५ आणि १६ फेब्रुवारीच्या रात्री आणखी दोन लष्करी विमाने अमृतसरला उतरली. त्यांतून आलेल्या काहींनीही प्रवासात बेड्या होत्या, असेच सांगितले.