‘इंधन’ आणि आपली कथा

हमीद दलवाई यांच्या समाजकारणाशी आपल्यातल्या अनेकांचे पटले नाही. 1977 साली ते गेले, वाद संपला नाही. पण त्यापायी आपण एक कथाकारही बाजूला ठेवला. ‘लाट’च्या कथा लिहून हात बसल्यावर 1965 साली त्यांची ‘इंधन’ कादंबरी आली. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या लेखकाने कोकणातलेच गाव घेतले आणि आजारी निवेदक बऱ्याच वर्षांनी तिथे परत आणला. तो घरचाही आहे नि पाहुणाही. म्हणून त्याला आपल्यांची लबाडी दिसते, शेजाऱ्यांची दिसते, स्वतःचीही. सभेत सुधारणेवर बोलणारे दलवाई इथे भाषण करीत नाहीत. आपल्या कथांत ते शेवटच्या पानावर हमखास येते!

पालघर-बोईसरकडच्या नव्या लेखकाला हे जवळचे वाटावे. 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे विस्तारासाठी पोफरण, अक्करपट्टी ही गावे उठली. दलवाईंच्या निवेदकाला परतायला गाव तरी होते. पोफरणच्या माणसाला ते नाही. त्याची कथा कुठून सुरू करायची, हे इथल्याच लेखकाने शोधायचे आहे.