लोखंडी माणसाचे वंशज

कोळशाचा थर पाडायचा तर आधी त्याच्या बुडाशी खाच घ्यावी लागे. इंग्लंडमधला खाणकामगार कुशीवर आडवा होऊन, खांदा जमिनीला टेकवून टिकाव चालवी आणि हातभर खोल खाच काढी. मग वरचा कोळसा पाचर ठोकून किंवा सुरुंग लावून पाडायचा. सगळा जीव जाई तो खाच काढण्यात, आणि शोधकांची नजरही तिथेच गेली.

१७६१ साली न्यूकॅसलच्या मायकेल मेन्झीसने जड लोखंडी टिकाव हलवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच दशकातलं विली ब्राऊनचं यंत्र तर ‘आयर्न मॅन’ म्हणूनच ओळखलं जाई. माणसाचा हात लोखंडाचा करायचा, एवढीच कल्पना. दोन्ही यंत्रं कामाची ठरली नाहीत. खरी अडचण ताकदीची होती. स्फोटक वायू असलेल्या खाणीत वाफेचं बॉयलर नेणं म्हणजे दारूच्या कोठारात चूल पेटवणं. १८६०च्या दशकात यॉर्कशायरच्या वेस्ट आर्डस्ली खाणीत विल्यम फर्थने दाबलेल्या हवेवर यंत्र चालवून दाखवलं. तरी त्याच्या हातात टिकावच!

हाताची नक्कल सोडून फिरती चकती किंवा दात्यांची साखळी घेतली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. अमेरिकेतले थर जाड आणि सपाट, मजुरी महाग; तिथे १९१३ साली निम्मा कोळसा यंत्राने कापला जात होता. ब्रिटनमध्ये हे प्रमाण जेमतेम ८ टक्के होतं. पातळ थर, स्वस्त मजूर, मग मालक कशाला पैसे घालतील?

शिवाय यंत्राने खाच काढली तरी पडलेला कोळसा फावड्यानेच भरायचा. म्हणजे काम हलकं झालं ते अर्धंच. लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सच्या जेम्स अँडरटनने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या साखळीयंत्राला साखळीऐवजी दात्यांचा फिरता ड्रम बसवला आणि ते थरालगतच्या पोलादी कन्व्हेयरवरच चालवलं. ड्रम कापतो आणि कापलेला कोळसा कन्व्हेयरवर ढकलतो. १९६०च्या दशकाअखेर ब्रिटनच्या भूमिगत खाणींतला निम्म्याहून अधिक कोळसा याच घराण्यातल्या यंत्रांनी निघू लागला.

मोठी ढेपळं मात्र गेली. शेगडीवाली गिऱ्हाइकं कुरकुरली. वीजकेंद्रांना फरक पडला नाही, तिथे कोळसा दळूनच जाळतात. धूळ वाढली ती कामगारांच्या छातीत जाऊ लागली, म्हणून पुढे दात्यांपाशीच पाण्याचे फवारे बसवावे लागले.