कुळ नव्हे, कुल! एका शब्दाचा इतिहास



आपण राहतो त्या रास अल खोरच्या नावाची आपल्याकडे नेहमीच गंमत होते. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना 'रास' म्हटले की खळ्यावरची धान्याची रास आठवते आणि 'खोर' म्हटले की भांडखोर! अरबीत 'रास' म्हणजे डोके किंवा टोक, आणि 'खोर' म्हणजे खाडी. खाडीचे टोक ते रास अल खोर. याच टोकाशी रोहित पक्ष्यांचे ते पाणथळ अभयारण्य आहे, ज्याचा समावेश २००७ साली रामसर यादीत झाला. तात्पर्य, शब्द कानाला ओळखीचा वाटला म्हणजे त्याचा अर्थही आपल्याला ठाऊक आहे असे नव्हे.

आजचा शब्द असाच आहे. फरक इतकाच की रास अल खोरचा अर्थ चुकला तर हसू होते, या शब्दाचा चुकला तर घर जाऊ शकते.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्हांला गावाकडून एक टाइप केलेला मसुदा आला. आमच्या नावाने घेतलेल्या लहानशा सदनिकेच्या दस्तनोंदणीला थोरल्या बंधूंनी आमच्या वतीने हजर राहायचे, एवढेच काम होते. मसुद्यावर ठळक अक्षरांत मथळा होता, 'कुळमुख्यत्यारपत्र'. आम्ही उभयतांनी तो वाचला आणि आपापला अर्थ लावला. सौ. म्हणाल्या, "कुळ म्हणजे घराणं. घरातल्या घरात द्यायचा कागद दिसतोय." आम्हांला वाटले, 'मुख्य' आहे त्याअर्थी घरातल्या थोरल्याला द्यायचा असावा. सही करायला पेन उघडलेही होते. सहज दुसरे पान उलटले, तर तिथे विकणे, गहाण ठेवणे, कर्ज काढणे, पैसे स्वीकारणे आणि आपल्या जागी दुसरा मुखत्यार नेमणे, असे सर्व अधिकार ओळीने मांडलेले!

बंधूंच्या मनात काहीही नव्हते. टाइप करणाऱ्याने ठेवणीतला नमुना काढून दिला आणि त्यांनी तो न वाचताच पाठवला. पण त्या मथळ्यातला शब्द बरोबर लिहिलेला असता आणि आम्हांला कळला असता, तर दुसरे पान उलटण्याचीही गरज नव्हती. सगळे त्या एका शब्दात आहे.

शुद्ध रूप आहे 'कुलमुखत्यारपत्र'. शब्द एकच, जोडून लिहायचा. 'कुल'मधला ल साधा, ळ नव्हे. 'मुखत्यार'मध्ये 'मुख्य' नाही आणि 'मुख'ही नाही. 'कुळमुखत्यार', 'कुलमुख्यत्यार', 'कूल मुखत्यार पत्र' ही सगळी रूपे चुकीची. हिंदी-उर्दूत 'मुख्तारनामा' म्हणतात, ते त्या भाषांचे रूप झाले. मराठीत रुळले ते 'मुखत्यार'.

आता अर्थ. यातला 'कुल' हा कुलदैवत-कुलधर्मातला संस्कृत 'कुल' नाही. तो अरबी 'कुल्ल' आहे, म्हणजे सर्व, संपूर्ण. इथल्या गॅरेजमध्ये सकाळी एकमेकांना "कुल्लू तमाम?" विचारतात ना, तोच हा 'कुल्लू'. आणि 'तमाम' तर आपण 'तमाम जनता' म्हणताना रोज वापरतो. 'मुखत्यार' हा अरबी 'मुख्तार', म्हणजे निवडलेला माणूस. त्याचा सख्खा भाऊ 'इख्तियार', म्हणजे निवड. तो मराठीत 'अखत्यार' होऊन आला. 'हे माझ्या अखत्यारीत नाही' असे आपले कारकून म्हणतात तो हाच. याच धातूतला 'खैर' म्हणजे भले, आणि 'आता त्याची खैर नाही' हे आपण मुलांना ऐकवतोच! शेवटचे 'पत्र' तेवढे संस्कृत. तेव्हा कुलमुखत्यारपत्र म्हणजे सर्व अधिकार देऊन निवडलेल्या माणसाचा कागद.

यात ळ शिरला की अर्थ भलतीकडे जातो, कारण महाराष्ट्राच्या जमीन कायद्यात 'कूळ' या शब्दाला स्वतःचे वजन आहे. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९४८ चा कूळवहिवाट कायदा त्याच्यासाठी झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे मालक ठरत गेली. 'कुळमुखत्यार' लिहिले तर वाचणाऱ्याला हा कुळाचा मुखत्यार वाटायचा!

हे शब्द मराठीत आले ते राज्यकारभारातून. दख्खनच्या सुलतानांच्या आणि मोगलांच्या दफ्तरांत फारसी चाले आणि फारसीच्या पोटात अरबी शब्द भरपूर. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात अशा सुमारे १४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही वकील, अर्ज, अदालत, मुखत्यार हे शब्द टिकले. कोर्टकचेरीत लोकांच्या तोंडी बसलेला शब्द सहसा हलत नाही.

'वकील' शब्दाची गोष्ट तर खास आपल्यासाठी आहे. आपल्याकडे वकील म्हणजे काळा कोट. अरबीत वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो, दुसऱ्याच्या वतीने वागणारा. पेशवाईत याच अर्थाने निरनिराळ्या दरबारांत मराठ्यांचे वकील असत. आणि या अर्थाचा सर्वांत मोठा किताबही मराठ्यांकडेच आला. १७८४ च्या अखेरीस बादशहा शाह आलम याने 'वकील-इ-मुतलक' हे पद पेशव्यांना दिले आणि महादजी शिंद्यांना त्यांचे नायब केले. 'मुतलक' म्हणजे अनिर्बंध. बादशहाच्या नावाने सारा कारभार करण्याचा अधिकार, म्हणजे एका साम्राज्याचे कुलमुखत्यारपत्रच म्हणा ना! १७९२ साली महादजींनी पुण्यात थाटाचा दरबार भरवून सवाई माधवरावांना ही वस्त्रे अर्पण केली.

पण या मोठेपणाची दुसरी बाजू पाहा. अधिकार बादशहाचा, पद पेशव्यांचे, प्रत्यक्ष सत्ता नायबाच्या हाती. मूळ धन्याच्या हाती उरले काय? १७८८ साली महादजींचा जोर उत्तरेत कमी पडलेला असताना गुलाम कादिराने दिल्लीत शिरून त्याच शाह आलमचे डोळे काढले. आपल्यापुरता धडा एवढाच की मुखत्यार आणि त्याचा नायब अशी साखळी लांबली की धनी दुबळा होतो. म्हणूनच मसुद्यातले 'आपल्या जागी दुसरा मुखत्यार नेमणे' हे कलम आम्हांला सर्वांत जास्त खटकले. आपण भावाला ओळखतो, भाऊ पुढे कोणाला नेमील ते आपण ओळखत नाही.

आता थोडा कायदा. भारतात मुखत्यारपत्रांचा कायदा १८८२ चा, आणि धनी-मुखत्यार नात्याचे नियम त्याआधीच्या १८७२ च्या करार कायद्यात आहेत. मुखत्यारपत्र दिल्याने आपला स्वतःचा अधिकार जात नाही. देणारा वारला की साधे मुखत्यारपत्र संपते. ते रद्दही करता येते, पण मनातल्या मनात रद्द करून चालत नाही. मुखत्याराला ते कळल्यावरच त्याच्यापुरते रद्द होते, आणि बँक वा खरेदीदार यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरते ते चालूच असते. शिवाय मुखत्यारपत्राच्या जोरावर मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. 'कुलमुखत्यारपत्रावर स्वस्तात प्लॉट' असे कोणी सुचवले तर हे ध्यानात ठेवावे.

मग आपल्याला हवे ते काय? बहुतेक वेळा 'खास मुखत्यारपत्र', म्हणजे एका ठरावीक कामापुरते. 'खास' हाही अरबीच. दुबईत नोटरीला 'कातिब अल अदल' म्हणतात. कातिब म्हणजे लिहिणारा, किताबाच्या धातूतला, आणि अदल म्हणजे न्याय, आपल्या अदालतीतला. त्याच्याकडेही हेच दोन प्रकार आहेत. 'वकाला आम्मा' म्हणजे सर्वसाधारण आणि 'वकाला खास्सा' म्हणजे कामापुरते. भारतातल्या नोंदणीसाठी मात्र भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून घेतलेला कागद चालतो. तो महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते, हे मात्र विसरू नये.

तेव्हा सही करण्यापूर्वी मथळ्यात 'कुल' आहे की 'खास' ते आधी पाहावे. काम कोणते, मिळकत कोणती, मुदत किती, हे नेमके लिहिलेले आहे का ते पाहावे. विक्री, कर्ज आणि दुसरा मुखत्यार नेमणे ही कलमे नको असतील तर स्पष्ट काढायला सांगावे. एक प्रत आपल्यापाशी ठेवावी.

हे सांगणे सोपे आहे. आम्ही स्वतः बंधूंना फोन करायला चार दिवस लावले. थोरल्या भावाला 'हा अधिकार काढा, तो काढा' कसे म्हणायचे? इतकी वर्षे आईवडिलांचे त्यांनीच पाहिले, आणि आपण इथून अविश्वास दाखवल्यासारखे होईल. शेवटी आम्ही त्यांना 'कुल' या शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अरे, म्हणजे उद्या कोणी काही विचारलं तर सगळ्याचं उत्तर मीच द्यायचं? बरं झालं सांगितलंस. एवढं ओझं मला नको." आठवड्याने नवा मसुदा आला, दीड पानाचा, 'खास मुखत्यारपत्र' मथळ्याचा. सही केली, दूतावासातून आणला आणि पाठवून दिला.

अंकाची ही पाने गावाकडच्या मंडळींनाही जरूर वाचून दाखवावीत. मसुदे बहुधा तिकडेच टाइप होतात!